रुळांखालची गादी

इंजिन आधी खाली पडलं आणि मामाने मान नंतर वळवली. हा क्रम माझ्या डोक्यातून जाईना. वीतभर लांबीचं, हिरव्या रंगाचं ते इंजिन नव्या रुळावरून सरळ दारापाशी गेलं. तिथे पूल बसायचा होता, पण अजून बसवला नव्हता. पुढची चाकं क्षणभर हवेत फिरली आणि ते फरशीवर आपटलं. मामा वेगाचा नॉब हातात धरून, तोंड त्याच दिशेला करून उभा होता. अंतर फार तर दीड मीटर. दुपारचे साडेतीन, खिडकी उघडी, उजेड भरपूर. कडेला पोचायच्या आधी इंजिन निदान तीन सेकंद त्याच्या समोर होतं आणि नॉब शून्यावर आणायला अर्धा सेकंद पुरतो. त्याने नॉब मागे घेतला तो आपटल्याचा आवाज झाल्यावर, आणि मग मान वळवली, तीही इंजिनाच्या जरा डावीकडे.

"पडलं का?" त्याने विचारलं.

मी इंजिन उचललं. डबा जोडायची कडी वाकली होती, दोन ठिकाणी रंगाचे टवके उडाले होते, बाकी ते ठणठणीत होतं. मामीने स्वयंपाकघरातून विचारलं, काय पडलं, तर मामा म्हणाला, पक्कड. पक्कड टेबलावर माझ्यासमोर होती. मामा खोटं बोलत नाही. तो बोलायचं टाळतो, आणि या दोहोंत बराच फरक आहे असं मी आजवर धरून चालले होते. नकाशे काढण्याच्या कामात त्याची छत्तीस वर्षं गेली. केसाएवढ्या रेघेत कमीजास्त चालत नाही, आणि तीच सवय त्याच्या जिभेलाही लागली, असं त्याची बहीण, म्हणजे माझी आई, कधी कौतुकाने तर कधी वैतागून म्हणते. पक्कड म्हणताना त्याचा आवाज अगदी सहज होता. इतका सहज, की मला वाटलं, हे खोटं आज पहिल्यांदा बोललेलं नाही.

जुन्या घरातलं आगगाडीचं टेबल या घराच्या दारातून आत येईना, म्हणून ते मोडून टाकलं आणि मागच्या खोलीत चारही भिंतींच्या कडेने नवं बांधायला घेतलं. दर रविवारी मी जात होते. चौकट झाली, वर प्लायवुड झालं, वळणं आखून झाली, आणि रूळ घालायची वेळ आली तेव्हा गादीचा प्रश्न निघाला. रूळ थेट प्लायवुडवर ठोकत नाहीत. खऱ्या रेल्वेत खाली मातीचा भराव आणि त्यावर खडी असते, तसा इथेही दोन-तीन बोटं रुंदीचा, पाच मिलिमीटर जाडीचा एक थर लागतो. त्याला आम्ही गादी म्हणतो. रूळ जरा उंचावर दिसतात, कडेने उतार मिळतो, पण गादीचं खरं काम आवाजाचं. चौकटीवर ताणून बसवलेलं प्लायवुड म्हणजे ढोलच. वर चाक फिरलं की तो वाजणार. रूळ कुठले, चढ किती, वळण किती मोठं, हे सगळं मामाने ठरवलं होतं, मला न विचारता, आणि ते बरोबरच होतं. गादीपाशी मात्र तो थांबला आणि म्हणाला, आवाजाचं तू शिकलीस, तर गादी तू निवड. मी सात वर्षांची होते तेव्हापासून त्याच्याबरोबर खिळे वेचत आले होते, आणि त्याने माझ्यावर सोपवलेला हा पहिला निर्णय. बढती मिळाल्यासारखं मी तो घेतला.

मी जिथे काम करते तिथे पंखे, पंप, मिक्सर अशा वस्तूंचा आवाज मोजतात. भिंतींना स्पंजाच्या सुळक्यांचं अस्तर असलेल्या खोलीत ती वस्तू ठेवायची, शेंगदाण्याएवढा कंपनमापक तिच्या पाठीवर चिकटवायचा, आणि दरवाजा लावून बाहेर यायचं. शेवटी एक आकडा येतो. तो लहान करून द्यायचा, हे आमचं काम. मी तो करून देते, बऱ्यापैकी लवकर. मामाच्या गादीसाठीही मी तेच केलं. हातभर लांबीचे प्लायवुडचे पाच तुकडे घेतले. एक नुसता ठेवला. बाकी चारांवर दाबलेल्या कागदाचा बोर्ड, कॉर्क (बाटलीच्या बुचाचा असतो तोच), रबर आणि फोम चिकटवला. वर सारखाच रूळ. एकाच उतारावरून एकच वजनदार डबा प्रत्येकावर बारा वेळा सोडला. फोमने आवाज सगळ्यात कमी केला, पण डब्याखाली रूळ दबत होता. रबर जेमतेम दोन डेसिबलने मागे, आणि हलत नव्हतं. मी रबर निवडलं. मामाला तक्ता वाचून दाखवला, दशांशासकट. तो मला दशांशबाई म्हणतो ते उगीच नाही. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "सगळीकडे एकच?"

मी म्हणाले, हो, सगळीकडे एकच. अभिमानाने म्हणाले. तो म्हणाला, बरं. मामाचे बरं मला ओळखू येतात: संपलं असं सांगणारा बरं, पुढे बोल असं सांगणारा बरं, मामीला टाळणारा बरं. हा त्यातला नव्हता. पण मी तेव्हा रबराच्या पट्ट्या मोजत होते.

गादी दोन अर्ध्या पट्ट्यांची असते. प्लायवुडवर पेन्सिलीने मधली रेघ मारायची, एक पट्टी तिच्या या बाजूला लावायची, दुसरी त्या बाजूला. पट्टी सरळ भागात जशी पडते तशी वळणावरही पडते, कारण अर्धी असल्यामुळे ती वाकते. दोन्ही बाजूंचे सांधे समोरासमोर येऊ द्यायचे नाहीत. खाली पांढरा गोंद, तोही फार नाही, आणि सुकेपर्यंत टाचण्या. हे काम मला मनापासून आवडतं. बोटाला गोंद लागतो, मग त्याची पातळ साल निघते, अंगठ्याखाली पट्टी कुठे फुगली ते डोळ्याआधी कळतं. खिडकीजवळच्या वळणावर आले तेव्हा मला एकीऐवजी दोन रेघा दिसल्या, एकमेकींपासून दहा मिलिमीटरवर. मी थांबले, आणि मग मला फार आनंद झाला. सरळ रुळातून गाडी एकदम वळणात शिरली तर तिला हिसका बसतो. म्हणून मधे हळूहळू वाकत जाणारा एक तुकडा घालतात. मामा त्याला उंबरठा म्हणतो. तो घालायचा तर वळणाची मूळ रेघ जरा आत सरकवावी लागते, जेमतेम दहा मिलिमीटर. म्हणजे मामाने एक रेघ आधीची आणि एक सरकवलेली अशी काढून ठेवली होती, आणि उंबरठा जुळवायचं माझ्यावर सोडलं होतं. मी बाहेरच्या रेघेवरून निघून आतल्या रेघेवर उतरणारी गादी घातली. इतकी सुरेख बसली की मी त्याला हाक मारून दाखवली. त्याने हात पाठीमागे बांधले, वळणावर वाकला, आणि हं म्हणाला.

आता इंजिन मांडीवर घेऊन मी त्याच वळणापाशी खाली बसले होते, आणि माझ्या डोळ्यांच्या उंचीवर त्या दोन रेघा होत्या. रबर जिथे संपत होतं तिथून पुढे त्या अजून उघड्या दिसत होत्या. वळणाच्या आधी सरळ भागातही दोनच होत्या, आणि त्याच्या आधी मीटरभर, खिडकीच्या चौकटीपर्यंत, दोनच. उंबरठ्याच्या रेघा सरळ भागात एकमेकींत मिसळायला हव्यात. या मिसळत नव्हत्या. त्या फक्त एकमेकींच्या शेजारून चालल्या होत्या. हे मी त्या दिवशीही पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि बाजूला ठेवलं होतं, कारण तक्त्यात न बसणाऱ्या आकड्यासारखं ते होतं आणि मला तक्ता आवडला होता. ज्याने छत्तीस वर्षं केसाएवढ्या रेघा काढल्या त्याने एक रेघ काढली आणि नंतर तीच रेघ पुन्हा काढली. माझं डोकं अशा वेळी जास्तच चालतं. मला आठवली ती पंधरवड्यापूर्वीची गोष्ट. रबरावर इंजिन पहिल्यांदा चालवलं, काही ऐकू येईना, आणि मी विजयी मुद्रेने मामाकडे पाहिलं, तर तो डोकं एका बाजूला कलतं करून उभा होता, काहीतरी हरवल्यासारखा. मामी दारात येऊन म्हणाली होती, "अहो, गाडी चालू आहे की बंद, काही कळत नाही. चहाला हाक तरी कधी मारायची मी?" आम्ही दोघं हसलो होतो. मी जास्त हसले होते.

"मामा," मी म्हणाले, "ही रेघ तू दोनदा काढलीस."

तो स्टुलावर बसला. बसताना त्याने आधी हाताने स्टूल चाचपलं. हे मी यापूर्वी किती वेळा पाहिलं असेल?

"पहिली दिसली नाही," तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं, सर्वेक्षणाचा अहवाल द्यावा तसं. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आहे. वर्षभर वाढतो आहे. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं नाहीसं होतं. डॉक्टर म्हणाले, कडा शेवटपर्यंत राहतील, वाचन आणि बारीक काम जाईल. मामीला त्याने चष्म्याचा नंबर बदलतोय असं सांगितलं होतं, कारण मामीने तिच्या वडिलांचं आंधळेपण अकरा वर्षं काढलं होतं, हाताला धरून, ताटातलं काय कुठे आहे ते सांगत, आणि त्या घरातून निघताना ती मामाला म्हणाली होती की आता माझ्यात पुन्हा ते करायचं बळ नाही. त्याला ते वाक्य आठवत होतं. तिला आठवत असेल की नाही, कोण जाणे.

"तुझा चेहरा मला दिसत नाही," तो म्हणाला. "कान दिसतात. कान बरे आहेत तुझे."

कपाटावर इंजिनांची खोकी ओळीने लावली होती, प्रत्येकावर चिठ्ठी. मला वाटलं होतं, नव्या घरात आल्यावर आवराआवर केली असेल. ती आवराआवर नव्हती. छोट्या गाड्यांच्या मंडळाचे चिटणीस, एक निवृत्त दंतवैद्य, महिन्याच्या शेवटच्या रविवारी पाचला येऊन सगळं घेऊन जाणार होते. टेबल पूर्ण करायचं, आपल्या हाताने एकदा सबंध फेरी चालवायची, आणि द्यायचं, असं त्याने ठरवलं होतं. ती एक फेरीही आता होणार नाही असं दिसत होतं. त्याने माझ्या मांडीवरच्या इंजिनाकडे हात केला, जरा चुकला, आणि मग त्याला ते सापडलं. वाकलेली कडी त्याने अंगठ्याने तपासली. जुन्या टेबलावर मला जमायचं, तो म्हणाला. गेलं वर्षभर मी जुन्या टेबलावर ऐकूनच चालवत होतो.

सात वर्षांची मी जुन्या टेबलाखाली आडवी पडायचे. वर गाडी फिरायची, डोळ्यांसमोर लाकडी फळ्यांची खालची बाजू, सुतारपेन्सिलीचे आकडे, कोळ्याचं एक जाळं. मामा वरून विचारायचा, कुठं आहे? आणि मी सांगायचे. खिडकीपाशी दोन फळ्यांचा सांधा होता, तिथे टक्-टक् व्हायचं. पुलाखाली पोकळी होती, तिथे आवाज एकदम मोठा आणि खोल व्हायचा. स्टेशनाखाली जाड लाकूड, तिथे तो जड आणि बुटका. माझं उत्तर कधी चुकायचं नाही. चुकलं तर मामा म्हणायचा, गाडी चुकली असेल, तू बरोबर आहेस. आवाजाचं शिक्षण मी कुठे घेतलं, असं मुलाखतीत विचारलं होतं तेव्हा मी विद्यापीठाचं नाव सांगितलं होतं. आणि त्या टेबलाचं, सुकलेल्या, तडकलेल्या, कुठे जाड कुठे पातळ अशा त्या टेबलाचं सगळं बोलणं मी पाच तुकड्यांचा तक्ता करून पुसून टाकलं होतं. रबर चांगलंच होतं. माझा आकडाही बरोबर होता. मी प्रश्न चुकीचा सोडवला होता, आणि ज्याचा प्रश्न होता त्याने मला तो दोन शब्दांत विचारलाही होता.

मी सुरी घेतली आणि दारापासून रबर उचकटायला लागले. मामाने आवाज ओळखला आणि विचारलं, काय करतेस. म्हटलं, सगळीकडे एकच नको ना तुला? त्याने खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, जो आता पुसला काय न पुसला काय, आणि म्हणाला, खिडकीपाशी कॉर्क घाल.

तीन रविवार होते, ते पुरले. या वेळी मी आकडा लहान करत नव्हते. शेजारी-शेजारी येणाऱ्या दोन तुकड्यांत फरक किती पडतो, तेवढंच बघत होते, आणि मापक म्हणून मामाचे कान होते, जे माझ्या शेंगदाण्यापेक्षा वाईट नव्हते. लांब भिंतीवर गादीच नाही, फक्त पातळ पुठ्ठा. तिथे गाडी खडखडत जाते. खिडकीच्या वळणावर कॉर्क. तिथे ती कुजबुजते. दारापाशी पूल बसवला आणि त्याच्या खाली बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा. तिथे ती घुमते. पुलाच्या आधी साठ सेंटिमीटर माझं रबर राहू दिलं. गाडी गप्प झाली की दार आलं. ही जागा मामाला सगळ्यात आवडली. म्हणाला, तुझ्या मामीसारखं आहे, गप्प झाली की सांभाळायचं.

स्टेशनापाशी मला आणखी एक धडा मिळाला. कॉर्कवर रूळ टाकले, वर बारीक खडी पसरली, पाणी घातलेला गोंद ड्रॉपरने थेंब थेंब सोडला, तो आत शिरावा म्हणून त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. ओला असताना आवाज मऊ होता. पुढच्या रविवारी आले तर स्टेशन दगडासारखं वाजत होतं. गोंद सुकून खडीचा एक अखंड कडक थर झाला होता. रुळावरचं कंपन गादीला वळसा घालून त्याच्यातून थेट प्लायवुडमध्ये उतरत होतं. म्हणजे माझा मूळ तक्ता तसाही टिकला नसता. मी पाचही तुकडे खडी न घालता तपासले होते. ऑफिसात कोणी असं केलं असतं तर मी चहाच्या वेळी चारचौघांत सांगितलं असतं. मामाला सांगितलं, तर तो इतका हसला की मामी बघायला आली. तो कडक आवाज आम्ही तसाच ठेवला. स्टेशन वाजायलाच हवं होतं. फलाटाच्या बरोबर सुरुवातीला मी रुळात केसाएवढी फट ठेवली, जुन्या टेबलाला खिडकीपाशी होता त्या सांध्यासारखी. टक् झालं की इंजिन फलाटात शिरलं; तिथून नॉब किती वेळात शून्यावर आणायचा ते मामाने मोजून बसवलं, मनात एक ते सहा म्हणून.

वळणावरच्या गादीची वाट मात्र आम्ही बदलली नाही. तिथे कॉर्क घातलं, पण बाहेरच्या रेघेवरून निघून आतल्या रेघेवर उतरणारं, पहिल्यासारखंच. गाडी वळणात कधी शिरली ते तिथे खरोखर कळत नाही. मामाने एकदा त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, उंबरठा छान जमलाय, मी काढला होता का? म्हटलं, अर्धा.

शेवटच्या रविवारी दंतवैद्य पाचला येणार होते. चारला मामाने नॉब हातात घेतला आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला, गाडीकडे पाठ. मी फलाटापाशी पट्टी घेऊन बसले. खडखड, कुजबुज, मग काहीच नाही, मग पूल घुमला, मग दगडी आवाज, टक्, आणि इंजिन थांबलं. मी पट्टी लावली.

"किती?"

"चार मिलिमीटर."

"पुढे की मागे?"

"पुढे."

त्याने पुन्हा फेरी केली. दुसऱ्यांदा दोन. तिसऱ्यांदा सात, कारण खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न दिला. मी हे तिन्ही आकडे लिहून ठेवले आहेत, पण सरासरी काढलेली नाही. चौथ्या फेरीच्या आधी त्याने कपाटावरच्या खोक्यांच्या दिशेने मान केली, मग माझ्या कानांच्या दिशेने, आणि म्हणाला, दंतवैद्यांना म्हणावं, चहाला या, मोकळ्या हाताने. मग त्याने मामीला हाक मारली.

मामी ओले हात पदराला पुसत आली, पूल उचलून आत शिरली आणि तिने तो परत बसवला. म्हणाली, आज कळतंय हं चालू आहे ते, भिंतीपलीकडून कळतंय. तो म्हणाला, बस जरा, एक सांगायचंय. ती स्टुलावर बसली. त्याने नॉब फिरवला. मी उठून जायला हवं होतं, पण दारात पूल होता, आणि तो उचलला असता तर गाडी थांबली असती. तेव्हा मी फलाटापाशीच राहिले आणि रुळाकडे बघत राहिले. लांब भिंतीवरच्या खडखडाटात त्याने डॉक्टरांचं सांगितलं. वळणावर कुजबुज झाली तेव्हा डाग आणि कडा. गाडी गप्प झाली तेव्हा त्या साठ सेंटिमीटरपुरता तोही गप्प झाला. पूल घुमला. तो म्हणाला, तुला पुन्हा तेच नको होतं, हे मला माहीत आहे. टक् झालं. त्याने मनात सहा मोजले असावेत, कारण त्याचे ओठ हलले, आणि नॉब मागे आला.

मामी उठली. मला वाटलं, ती त्याच्याकडे जाईल, किंवा आत. ती फलाटापाशी आली, माझ्या शेजारी, आणि कमरेत वाकून डोळे बारीक करून तिने इंजिनाचं नाक आणि फलाटाची कड बराच वेळ पाहिली. माझ्या हातातल्या पट्टीकडे तिचं लक्षही गेलं नाही. तिने आपलं बोट मधल्या जागेत आडवं धरलं.

"अहो," ती म्हणाली. "बोटभर मागे आहे. घ्या थोडी पुढे."

त्याने नॉब केसभर फिरवला.

"अजून," मामी म्हणाली. "अजून. हं, बस."